वाचक विचारतात : आयएल-६ वाढलंय, म्हणजे ऑटिझमपण वाढलाय का?

गेल्या अंकात झोपेवर लिहिलं होतं, वाटलं पत्रंही झोपेचीच येतील, पण आली ती बहुतेक रक्ताची. कोणीतरी एखादा संशोधनाचा पेपर फॉरवर्ड करतं, कुठलीतरी लॅब पॅकेज काढते, आणि मग आईबाबा रात्री दोन वाजता "नॉर्मल रेंज" शोधत बसतात. नावं काढलीत, पत्रं जरा छाटलीत, बाकी शब्द तुमचेच.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि स्पीच थेरपी दोन्ही चालू आहे. दहा महिन्यांपूर्वी कार्सचा (ऑटिझमची लक्षणं मोजायची स्केल) स्कोअर ३३ आला होता, माइल्ड टू मॉडरेट असं सांगितलं. आता एका लॅबमध्ये "ऑटिझम ब्लड पॅनल" केलं त्यात आयएल-६ रेंजच्या बाहेर आहे, बीडीएनएफ पण जास्त आहे आणि खाली एका ओळीत लिहिलंय की हे सीव्हिअर लक्षणांशी जुळतं. मला तर तो आधीपेक्षा बरा वाटतोय, बोट धरून नेतो आणि खिडकीतून गाडी दाखवतो, परवा पहिल्यांदा "आई दे" म्हणाला. पण रिपोर्ट बघितल्यापासून डोळ्याला डोळा नाही. खरं काय मानायचं?

उत्तर : ताई, "आई दे" हे खरं माना. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं उत्तर लांबलंय आणि तुमची झोप आधीच उडालीये. दोन शब्द जोडून माणसाकडे मागणं, आणि काही नको असताना नुसतं दाखवायला म्हणून कोणाला तरी ओढून नेणं, आम्ही ज्या गोष्टींची वाट बघत असतो ना त्यातल्या या दोन आहेत.

आता आयएल-६. हा इम्यून सिस्टिमचा निरोप्या समजा, शरीरात कुठे सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढतो. सर्दी होऊन गेली, दात किडलाय, वजन जास्त आहे, सॅम्पल काढल्यावर लॅबमध्ये तासन्‌तास तसंच पडून राहिलं, यातल्या कशानेही आकडा वर जातो आणि त्या आकड्यावर कारण लिहिलेलं नसतं. ऑटिस्टिक मुलांच्या गटात आयएल-६ आणि असेच दुसरे निरोपे, आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा, यांची सरासरी जास्त दिसते हे बऱ्याच अभ्यासांत आलंय, त्यात खोटं काही नाही. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या एका गटाला तर असंही दिसलं की ज्या मुलांच्या प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) सायटोकाइन, म्हणजे असले निरोपे, जास्त त्यांना संवादाच्या आणि वागण्याच्या अडचणीही जास्त. तुमच्या रिपोर्टाच्या तळाशी आलेली ती ओळ असल्याच एखाद्या पेपरावरून उचललेली असणार.

पण गटाची सरासरी आणि तुमचा मुलगा यात फार अंतर आहे. पाचवीच्या वर्गाची सरासरी उंची आणि सहावीच्या वर्गाची सरासरी उंची वेगळी निघणारच, पण मी तुम्हाला एका मुलाची फक्त उंची सांगितली तर तो पाचवीतला का सहावीतला हे सांगाल का? पाचवीत उंच मुलं असतात, सहावीत बुटकी असतात, दोन्ही वर्ग एकमेकांत मिसळलेले असतात आणि इथे रक्तातले आकडे त्याहूनही जास्त मिसळलेले आहेत. मार्कर (रक्तात मोजायची खूण) आणि लक्षणं यांचा संबंध शून्य ते एकच्या पट्टीवर ०.४ निघाला तरी पेपर लिहिणारे खूश होतात. ०.४ चा वर्ग ०.१६, म्हणजे मुलामुलांमधल्या फरकातला १६ टक्के भाग त्या मार्करशी जोडता येतो आणि उरलेला ८४ टक्के कशाकशाशी. आणि जोडता येतो म्हणजे त्याच्यामुळे झाला असं पण नाही, उलटंही असू शकतं. ज्याची लक्षणं जास्त तो मोजकंच खातो, कमी झोपतो, उन्हात कमी जातो, आणि त्यामुळे त्याचं रक्त वेगळं दिसतं.

बीडीएनएफचं तर वेगळंच नाटक आहे. हे प्रोटीन प्लेटलेटमध्ये साठवलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं, त्यामुळे रक्त गोठू देऊन वेगळं काढलेल्या सीरममध्ये ते प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त निघतं. तुमच्या रिपोर्टवर सीरम लिहिलंय का प्लाझ्मा? आणि शेजारी छापलेली रेंज कशाची आहे, मुलांची का मोठ्यांची? लॅबला फोन करून एवढंच विचारा, काय उत्तर येतं बघा.

आणखी एक, ज्याकडे कोणी बघत नाही. "सीव्हिअर" हे आपण मोजतो कशाने? डीएसएम-५ (मानसिक आणि वाढीच्या आजारांच्या निदानाचं अमेरिकेतलं पुस्तक) ने २०१३ मध्ये तीन लेव्हल दिल्या त्या मुलाला आधार किती लागतो यावरून, आणि त्याही सामाजिक संवादासाठी वेगळी, त्याच त्या वागण्यासाठी वेगळी. कार्समध्ये १५ मुद्दे, प्रत्येकाला १ ते ४ मार्क, ३० पासून ऑटिझम, ३७ पासून सीव्हिअर. एका मुलाचे ३८ बोलणं नाही म्हणून भरतात, दुसऱ्याचे ३८ आवाज सहन होत नाही आणि बदल चालत नाही म्हणून, आकडा एकच पण घरातले दिवस पूर्ण वेगळे. एकाच मुलाला दोन माणसांनी तपासलं तर दोनतीन मार्क इकडचे तिकडे होतातच, मी स्वतः सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी सारखेच मार्क देते असं छातीठोक सांगणार नाही. म्हणजे एका बाजूला डळमळीत आकडा, दुसऱ्या बाजूलाही हलणारा आकडा, आणि त्या दोघांमध्ये आपण दोरी बांधतोय.

तर पॅनल पुन्हा करू नका. रिपोर्ट मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, ताप, वजन कमी होणं, सांधे दुखणं असं काही असेल तर ते बघतील, पण ते ऑटिझमसाठी नाही, मूल म्हणून. आणि कार्स पुन्हा करून घ्या, दहा महिने झाले, या वयात तो स्कोअर शिळा झाला.

प्रश्न : मी डेटावर काम करतो, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. २०१७ चा एक पेपर वाचला ज्यात रक्तातल्या काही मेटाबोलाइट्सवरून (शरीरातल्या रासायनिक क्रियांत बनणारे पदार्थ) कोण ऑटिस्टिक आणि कोण नाही हे ९७ टक्के बरोबर ओळखलंय. मग ही टेस्ट दवाखान्यात का नाही? यामागे काही खेळ आहे का?

उत्तर : खेळ नाही हो, गणित आहे, आणि तुम्ही डेटातले म्हणून तुम्हाला सांगायला मजा येईल. तो पेपर मला आवडतो. ८३ ऑटिस्टिक मुलं आणि ७६ इतर मुलं, ग्लुटाथायोन आणि मिथायलेशन या शरीरातल्या रासायनिक क्रियांच्या साखळीतले पदार्थ मोजले, एकेकाकडे न बघता सगळे मिळून गणितात घातले, आणि ८३ पैकी ८१ मुलं बरोबर ओळखली. काही मार्करवरून मुलांचं रोजचं वागणं, म्हणजे स्वतःचं स्वतः करणं वगैरे, याचा अंदाज बांधायचाही प्रयत्न केला. पुढच्याच वर्षी त्याच लोकांनी जुन्या अभ्यासांमधून आलेल्या १५४ ऑटिस्टिक मुलांच्या डेटावर तेच लावून बघितलं तर ८८ टक्के आलं. हे त्यांनी प्रामाणिकपणे छापलं, कौतुक आहे, पण ९७ चे ८८ झाले ना? नवा डेटा आला की मॉडेल घसरतं हे मी तुम्हाला काय सांगणार.

आता ९० टक्केच धरा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे ऑटिस्टिक मुलं ओळखण्यातही आणि नसलेली वगळण्यातही. हजार मुलं घेतली आणि शंभरात एक ऑटिस्टिक धरलं तर १० मुलं ऑटिस्टिक, त्यातली ९ सापडतील. उरलेल्या ९९० मधली १० टक्के म्हणजे ९९ मुलं उगाचच पॉझिटिव्ह येतील. एकूण १०८ आईबाबांना फोन जाईल आणि त्यातल्या फक्त ९ घरांत तो फोन बरोबर असेल. अभ्यासात निम्मी मुलं ऑटिस्टिक असतात म्हणून तिथे हे दिसत नाही. शिवाय तिथे तुलना धडधाकट बोलणाऱ्या-चालणाऱ्या मुलांशी असते, पण माझ्याकडे दारात उभं राहतं ते बोलायला उशीर झालेलं मूल, एडीएचडी असलेलं मूल, ऐकू कमी येणारं मूल, आणि प्रश्न असतो यांच्यातलं ऑटिस्टिक कोण. तो पेपर सोपा होता, हा अवघड आहे.

तीव्रतेचे जे पेपर येतात ते वाचताना एक हिशोब करत जा. ४० पदार्थ मोजले आणि पाच वेगवेगळ्या स्केल लावल्या तर २०० जोड्या झाल्या. पी (नुसत्या नशिबाने असं दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली म्हणजे संबंध असं धरलं तर काहीच संबंध नसताना सुद्धा दहाएक जोड्या नुसत्या नशिबाने "सिग्निफिकंट" येतील. मग त्या दहावर चर्चेची चार पानं लिहिली जातात आणि १९० चा उल्लेख एका तक्त्यात. पन्नास-साठ मुलांचा अभ्यास असेल आणि दुसऱ्या कोणी परत करून बघितलेला नसेल तर मी तो बाजूला ठेवते, वाईट म्हणून नाही, पिकायला ठेवते.

अमेरिकेच्या एफडीएने ऑटिझमच्या निदानाला मदत म्हणून परवानगी दिलेली साधनं आहेत ती व्हिडिओ आणि प्रश्नावलीवर चालणारं सॉफ्टवेअर, २०२१ सालचं, आणि नंतरचं एक मूल स्क्रीनवर नेमकं कुठे बघतं ते टिपणारं. रक्ताचं त्यात काही नाही.

मला स्वतःला आशा कुठे वाटते सांगू का, एका मार्करने सगळ्या ऑटिझमची तीव्रता मोजण्यात नाही तर छोटे छोटे गट वेगळे काढण्यात. २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ५१६ ऑटिस्टिक आणि १६४ इतर लहान मुलांच्या रक्तात अमिनो आम्लांचं प्रमाण बघितलं आणि जवळपास १७ टक्के ऑटिस्टिक मुलांमध्ये ब्रँच्ड चेन नावाच्या गटातली अमिनो आम्लं आणि बाकीची यांचा तोल वेगळा निघाला, जो इतर मुलांत क्वचितच होता. उरलेल्या ८३ टक्के मुलांबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही, पण त्या १७ टक्क्यांना "तुमच्या शरीरात हे वेगळं चाललंय" एवढं तरी सांगता येईल. २०१२ मध्ये बीसीकेडीके नावाच्या जीनमधला दोष सापडला तोही याच वाटेवरचा, फार थोडी घरं, ऑटिझमसोबत फिट आणि बौद्धिक अक्षमता, आणि रक्तात हीच ब्रँच्ड चेन अमिनो आम्लं अगदी कमी. आणि फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार तर जुनंच उदाहरण. तिथे रक्तातलं फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल खरोखर मेंदूला इजा करतं, उपचार न मिळालेल्या काही मुलांमध्ये ऑटिझमसारखी लक्षणं दिसतात, म्हणून जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासतात आणि आहार बदलून ते टाळता येतं. मार्कर उपयोगाचा असतो तेव्हा असा असतो, कारण माहीत, आकडा खाली आणायचा उपाय माहीत, आणि आकडा खाली आणला की मूल सुधारतं हेही माहीत. आयएल-६ बद्दल यातलं एकही अजून म्हणता येत नाही.

प्रश्न : डॉक्टरीणबाई, नातवाचं सेरोटोनिन जास्त आलंय. सून म्हणते ते आनंदाचं रसायन असतं. मग पोरगं एवढं चिडचिड का करतं?

उत्तर : आजी, तुमचा प्रश्न सगळ्यात भारी आहे. ऑटिझम आणि रक्त यातलं सगळ्यात जुनं सापडलेलं हेच, १९६१ सालचं, साधारण चारातल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या रक्तात सेरोटोनिन जास्त असतं आणि पुढे साठ वर्षं लोकांना तेच परत परत सापडलं. पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातलं जवळपास सगळं प्लेटलेटच्या पोटात बसलेलं असतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक भिंत असते, ती हे ओलांडू शकत नाही. त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून डोक्यातलं कळत नाही, ना आनंद ना चिडचिड. आणि साठ वर्षांत एवढं करूनही ज्याचं सेरोटोनिन जास्त त्याचा ऑटिझम जास्त असं काही पक्कं निघालेलं नाही. पोरगं का चिडतं ते त्याच्या मागे दिवसभर असणाऱ्या तुम्हालाच जास्त माहीत असणार, कधी चिडतं, त्याआधी काय झालेलं असतं हे आठवडाभर वहीत लिहून ठेवा आणि सुनेसोबत पुढच्या भेटीला घेऊन या.

प्रश्न : मी स्पेशल एज्युकेटर आहे. पालक मला विचारतात कुठल्या टेस्ट करू, आणि मी सरळ "काही करू नका" म्हणते. ते बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं बरोबर. ऑटिझम मोजण्यासाठी काही करू नका, पण मुलाला त्रास देणारं, दुरुस्त होण्यासारखं दुसरं काही आहे का हे बघायला रक्त जरूर काढावं. दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून पालक एक तर सगळंच करतात नाहीतर काहीच नाही.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी टेस्ट) हे माझं आवडतं. जी मुलं दोनतीनच पदार्थ खातात आणि रात्रभर पाय हलवत लोळत असतात त्यांच्यात लोह कमी असतं बऱ्याचदा, ते भरून काढलं की काहींची झोप सुधारते, आणि झोप सुधारली की दिवसाचं वागणं सुधारतं, मग वर्गात तुम्हालाच वाटतं ऑटिझम कमी झाला. ऑटिझम तिथेच आहे, मूल झोपलंय फक्त. मात्र लोह डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चालू करू नका, जास्त झालं तर विषारी आहे. माती, रंगाचे पोपडे, खडू असं न खाण्याचं खाणाऱ्या मुलांचं लेड (शिसं) तपासायलाच हवं, कारण लेड स्वतःच मेंदूला बाधतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडांसाठी द्या. पण त्याने लक्षणं जातात असा दावा ऐकला तर जरा थांबा, ज्या अभ्यासाचा खूप गाजावाजा झाला होता, २०१६ चा, तो त्याच जर्नलने २०१९ मध्ये मागे घेतला.

मग जेनेटिक. क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांचे छोटे तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एका जीनमधला दोष बघणारी) या टेस्ट अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या अहवालातही सुचवल्यात. यानेही तीव्रता कळत नाही पण कारण सापडलं तर पुढे काय काय जपायचं, फिट, हृदय, पुढचं मूल, हे ठरवता येतं. येत असलेलं बोलणं गेलं, फिट येतात, सारख्या उलट्या होतात, आजारपणात मूल एकदम सुस्त पडतं, अशा वेळी मेटाबोलिक टेस्ट (शरीरातल्या रासायनिक क्रिया बघणाऱ्या), आणि त्या लवकर.

एक राहिलंच. रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल (चिडचिडीसाठी देतात ती औषधं) चालू असलेल्या मुलांची साखर, लिपिड आणि वजन ठरावीक काळाने बघावं लागतं, रिस्पेरिडोनवर प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढू शकतं तेही. एवढं महागडं पॅनल करणाऱ्या पालकांना विचारलं तर हे मात्र वर्षभर राहिलेलं असतं, मी किती वेळा बघितलंय.

प्रश्न : केसांच्या आणि लघवीच्या टेस्टमध्ये मर्क्युरी आणि लेड खूप जास्त आलंय. त्यांनी चिलेशन (औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढणं) सुचवलंय. करू का?

उत्तर : नाही. लघवी तपासायच्या आधी काही गोळी किंवा पावडर दिली होती का ते आठवा. ते औषधच धातू ओढून काढणारं असतं, ते घेतल्यावर कोणाच्याही लघवीत धातू जास्त येतील, तुमच्या, माझ्या, आणि मग तो आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या रेंजशी लावून लाल रंगात छापतात. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा चिलेशनच्या सलाइननंतर गेला, रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरलं की हृदय थांबलं. शंका असेल तर शिरेतून रक्त घेऊन साधं लेड करा, ते खरंच खूप वाढलेलं असेल तर उपचार हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली.

प्रश्न : एका संशोधनासाठी आमच्या आठ वर्षांच्या मुलीचं रक्त मागितलंय, मार्कर आणि तीव्रता यावरच आहे. द्यावं असं मनात आहे पण मागच्या वेळी चार जणांनी धरलं होतं तिला, त्यानंतर दोन महिने ती पांढरा कोट दिसला की ओरडायची. काय करू?

उत्तर : आधी त्यांना विचारा. मंजुरी कुठल्या एथिक्स कमिटीची आहे, रक्त किती आणि किती वेळा, उरलेलं सॅम्पल कुठे ठेवणार, मध्येच नको वाटलं तर सोडता येईल का. मुलीचा रिपोर्ट तुम्हाला मिळेल का हेही विचारा, आणि मिळाला तरी त्यावर काही ठरवायचं नाही हे आत्ताच मनाशी पक्कं करा. उत्तरं नीट मिळाली तर द्यायला हरकत नाही, मोठे चांगले अभ्यास अशा मुलांमुळेच होतात. बोलत नसलेली, जास्त आधार लागणारी मुलं अभ्यासांमध्ये फार कमी येतात कारण त्यांचं रक्त काढणं अवघड, आणि मग "तीव्रते"चे सगळे निष्कर्ष सौम्य मुलांवरून निघतात, हा एक मोठाच घोळ आहे.

पण चार जणांनी धरून नाही, हे त्यांना लेखी सांगा. ती नाही म्हणाली तर त्या दिवशी नाही. तिच्या डॉक्टरांना जी रक्ततपासणी करायचीच आहे तिच्याच वेळी जमवा, म्हणजे सुई एकदाच. बधिर करणारं क्रीम तासभर आधी लावायचं, आणि आदल्या आठवड्यात दोनतीनदा घरी नुसतं क्रीम आणि पट्टी लावून बघायची कारण काही मुलांना सुईपेक्षा तो चिकटपणाच सहन होत नाही. त्याच खोलीचे, त्याच खुर्चीचे फोटो मोबाइलवर मागवून घ्या आणि क्रमाने दाखवा, खुर्ची, पट्टा, टोचणं, कापूस, संपलं. सकाळी पहिला नंबर, म्हणजे वाट बघणं नाही आणि शेजारच्या बाळाचं रडणं नाही. हेडफोन चालतील. सगळ्यात अनुभवी माणूस आणि बटरफ्लाय सुई मागा, आणि दोनदा प्रयत्न करून शीर नाही सापडली तर तिसरा नाही हे आधीच ठरवून टाका. ती रडत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं कोणी म्हणालं तर तिथेच टोका, कित्येक ऑटिस्टिक मुलांचा चेहरा दुखलं तरी तसाच राहतो. आणि त्यांना कोट काढून ठेवायला सांगा, काढतात, विचारलं की.